वाटी उलटी करून बघ

श्रीखंड झालं की नाही हे ठरवायची आमच्या आजीची एकच टेस्ट आहे. वाटीत थोडं घ्यायचं, वाटी उलटी धरायची आणि दहापर्यंत मोजायचं. पडलं नाही तर झालं. पडलं तर चक्का नीट निथळलेला नाही, मग ज्याने कुणी फडकं घाईघाईत सोडलं त्याचा उद्धार. पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या घरात हा कार्यक्रम चालायचा आणि वाटी धरायचा मान माझा, कारण मी सगळ्यात धाकटी, आणि पडलंच तर ताटलीतलं चाटूनपुसून संपवायची जबाबदारी पण माझीच. तेव्हा काय कल्पना की पुढे साडेपाच वर्षं पुण्यात एका लॅबमध्ये बसून मी हेच करणारे, फक्त वाटीच्या जागी एक महागडं मशीन आणि श्रीखंडाच्या जागी असलं काहीतरी जे चाटून संपवता येत नाही.

पीएचडीचा विषय घरी सांगणं हा एक स्वतंत्र त्रास असतो. मी सांगायचे की बारीक मऊ कण पाण्यात खच्चून भरले तर ते मिश्रण कसं वाहतं ते बघते. मामा म्हणाला, म्हणजे प्लंबिंग. आजीने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चक्काच की गं मग."

बरोबर होतं तिचं. दुधात केसीन नावाचं जे प्रोटीन असतं ते सुटं सुटं फिरत नसतं, त्याचे गोळे असतात, साधारण १५० नॅनोमीटरचे, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत चार-पाचशे गोळे शेजारी शेजारी बसतील. आणि गोळे म्हणजे गोट्या नव्हेत, स्पंज. एक ग्रॅम प्रोटीन स्वतःबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. बाहेरून त्यांना बारीक लव असते, तिच्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून दूध दूध राहतं. विरजण लागलं की आंबटपणा वाढत जातो, ती लव आडवी पडते, पीएच ४.६ च्या आसपास आला की गोळे एकमेकांचे हात धरतात आणि त्याचं जाळं होतं. दही लागलं. ते दही फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगलं की पाणी खाली पातेल्यात, आणि वर उरतात ते ओले, मऊ, एकमेकांवर दाबून बसलेले कण. मग पुरणयंत्रातून काढायचं म्हणजे गुठळ्या मोडतात. सॉफ्ट कोलॉइड सस्पेन्शन, म्हणजे द्रवात पसरलेले बारीक मऊ कण, असं भारी नाव मी थिसिसच्या कव्हरवर छापलं, पण आमच्या ओट्यावर ते माझ्या जन्माच्या आधीपासून होतं.

आणि आजीच्या टेस्टला पण नाव आहे. यील्ड स्ट्रेस. काही पदार्थ असे असतात की एका ठराविक जोरापर्यंत ते घनासारखे गप्प बसतात आणि त्याच्या वर गेलात की वाहायला लागतात. टूथपेस्ट ब्रशवर उभी राहते पण ट्यूब दाबली की सुटते. हेअर जेलच्या बाटलीत बुडबुडे मध्येच लटकलेले दिसतात, महिनोन्महिने तिथेच, कारण त्या बुडबुड्याचा वर जायचा जोर जेलला हलवायला पुरत नाही, आणि गंमत म्हणजे त्या जेलमध्ये घट्टपणा आणणारं पॉलिमर अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, बाकी बहुतेक पाणी. भिंतीचा रंग पण तसाच, ब्रशखाली पसरला पाहिजे आणि ब्रश उचलला की ओघळता कामा नये. युजीन बिंगहॅम नावाच्या अमेरिकन केमिस्टने १९१९ मध्ये रंगावरच हे दाखवलं होतं आणि पुढे या सगळ्या अभ्यासाला रिऑलॉजी असं नाव दिलं. मी एकदा मेसमध्ये पेपर नॅपकिनवर आजीच्या वाटीचा हिशेब केला होता. तीन सेंटीमीटर त्रिज्येची वाटी, आतलं श्रीखंड फक्त कडांनी धरून ठेवलंय असं समजलं तर कडेवर साधारण १५० पास्कलचा ताण येतो. म्हणजे आजी जे पास करते त्याचा यील्ड स्ट्रेस त्याच्या आसपास तरी असणार. तळाशी हवा शिरत नाही त्याची पण थोडी मदत होते, पण हे तिला सांगितलं नाही, उगाच टेस्टवरचा विश्वास कशाला उडवायचा.

कडक कणांचं गणित बरंच जुनं आहे. पाण्यात थोडेसे गोल कण टाकले तर पाण्याचा दाटपणा किती वाढेल हे आइन्स्टाइनने आपल्या प्रबंधात काढलं, ते १९०६ मध्ये छापून आलं, आणि ते चुकलेलं होतं. खरंच. पॅरिसमध्ये ज्याँ पेरँच्या लॅबमध्ये बांसलँ नावाच्या माणसाने मोजून बघितलं तर आकडा भलताच मोठा यायला लागला, मग आइन्स्टाइनने आपल्या सहकाऱ्याला, लुडविग हॉप्फला, सांगितलं बाबा जरा माझं गणित तपासून बघ, त्याला चूक सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्ती छापली, सूत्रातल्या १ च्या जागी २.५. माझे ग्राफ जेव्हा जेव्हा वेडेवाकडे यायचे, आणि ते कायम यायचे, तेव्हा मी ही गोष्ट स्वतःला सांगायचे. आमच्या सरांना पण सांगून बघितली एकदा. ते म्हणाले, आइन्स्टाइनने दुरुस्ती पण छापली होती, तुझी कधी येतीये?

तर ते सूत्र विरळ कणांसाठी. गर्दी वाढायला लागली की खरी मजा. कडक गोट्यांसारखे, एकाच मापाचे कण घेतले तर जागेचा ४९.४ टक्के भाग भरला की ते आपोआप रांगेत लागायला सुरुवात करतात, स्फटिकासारखे. ५८ टक्क्यांच्या आसपास काच होते, म्हणजे प्रत्येक कण शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात अडकतो, थरथरतो पण बाहेर पडू शकत नाही. कसेही ओतले तर ६४ टक्क्यांच्या आसपास सगळं ठप्प. फळवाला संत्री रचतो तसे रचले तर ७४, आणि ती शेवटची मर्यादा, त्याच्या वर काही केल्या एक गोटी जात नाही.

आणि मऊ कण?

मऊ कण कळायला डोंबिवली लोकल पाहिजे. सीट तिघांची असते आणि बसतात चार. चौथीला अर्धीच जागा, एक पाय पॅसेजमध्ये, पर्स मांडीवर, पण बसते, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, "जरा सरका ना" म्हटलं की तिघी कंबर आत घेतात, कोपर पोटाशी घेतात आणि कुठून तरी जागा निघते. तीनच्या जागेत चार म्हणजे १३३ टक्के. आमच्या विषयात अगदी हेच मोजतात, कण मोकळा असताना जेवढी जागा घेतो ती धरायची, तिला कणांच्या संख्येने गुणायचं आणि भांड्याच्या आकारमानाने भागायचं, आणि मऊ कणांमध्ये हा आकडा आरामात १ च्या वर जातो. मी पहिल्यांदा पेपरमध्ये वाचलं तेव्हा मला वाटलं प्रिंटिंग मिस्टेक आहे. १०० टक्क्यांच्या वर कसं काय भरणार? मग सीएसएमटी-कल्याणमध्ये चौथ्या सीटवर बसलेली असताना ट्यूब पेटली. कण दबतात, गोलाचे चपटे होतात, थोडं पाणी बाहेर टाकून आकसतात, कडेची पॉलिमरची टोकं एकमेकांत शिरतात. कोणी तुटत नाही आणि कोणी उठून पण जात नाही.

यातून एक फार वेगळी गोष्ट होते. कडक कणांचं मिश्रण गर्दी वाढवत नेलं तर बराच वेळ बऱ्यापैकी वाहतं आणि मग अगदी थोडक्यात, शेवटच्या दोन-चार टक्क्यांत एकदम आवळतं. मऊ कणांचा दाटपणा हळूहळू, सांगून-सवरून वाढत जातो. २००९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये यावर एक पेपर आला होता, मायक्रोजेल म्हणजे जेलच्या बारीक कणांचा मऊपणा बदलत गेलं की ही चढणच बदलते असं दाखवणारा, आणि तो पेपर आमच्या लॅबमध्ये इतक्या वेळा झेरॉक्स झाला होता की त्यातले ग्राफ दिसायचे बंद झाले होते.

मऊपणा गेला तर काय होतं हे बघायला लॅबची पण गरज नाही. आपल्या रक्ताचा ४५ टक्क्यांच्या आसपासचा भाग लाल पेशींनी भरलेला असतो. त्या कोलॉइडपेक्षा बऱ्याच मोठ्या, आठेक मायक्रॉनच्या, आणि काही केशवाहिन्या त्याहून अरुंद, तरी पेशी दुमडून, लांबट होऊन त्यातून निघतात. इतक्या गर्दीत रक्त वाहतं ते पेशी मऊ म्हणून. सिकल सेल नावाच्या रक्ताच्या आजारात ऑक्सिजन कमी झाला की पेशीतलं हिमोग्लोबिन एकमेकांना जोडून लांब दोऱ्या करतं, पेशी ताठ होते, विळ्यासारखी, आणि अडकते. माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे, गडचिरोलीकडे काही काळ होती, तिथल्या आदिवासी भागात हा आजार भरपूर. ती म्हणायची, पोरं हात-पाय धरून रडत येतात, बाहेरून काहीच दिसत नाही. मी तेव्हा माझ्या मशीनवर कणांचा कडकपणा दहा पायऱ्यांत बदलून बघत होते आणि मला दोन-तीन दिवस ते करावंसं वाटेना.

असो. माझे कण. त्यांचं नाव इतकं लांबलचक आहे की लॅबमध्ये सगळे पीनायपाम म्हणायचे. बनवायला सोपे, ७० डिग्रीचं पाणी, नायट्रोजनचा बुडबुडा, मोनोमर म्हणजे पॉलिमरचे सुटे मणी, थोडा क्रॉसलिंकर म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांना गाठी मारणारा, ज्याला आम्ही बिस म्हणायचो, मग मणी जोडायला सुरुवात करून देणारा इनिशिएटर टाकायचा आणि थोड्याच वेळात फ्लास्कमधलं स्वच्छ पाणी दुधाळ व्हायला लागतं. बिस कमी टाकलं की कण मऊ, जास्त टाकलं की कडक. बनवणं एका दिवसाचं आणि धुणं दोन आठवड्यांचं, डायलिसिसच्या पिशवीत भरून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, गणपतीला गावी गेले तरी कोणाला तरी पाणी बदलायला सांगून जायचं, घरच्या तुळशीसारखं.

या कणांना एक खोड आहे. ३२ डिग्रीच्या खाली ते पाणी पिऊन फुगलेले असतात, इतके की जवळजवळ पाणीच, म्हणून मिश्रण पारदर्शक दिसतं. ३२ च्या वर गेलं की पॉलिमरला पाणी नकोसं होतं, कण आकसतो, व्यास निम्म्यावर म्हणजे आकारमान आठव्या हिश्शावर, आणि आतलं पॉलिमर दाटलं की प्रकाश विखुरतो म्हणून पांढरं होतं. थंड केलं की परत पारदर्शक, जसं काही झालंच नाही.

आता पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. मे महिन्यातला गुरुवार, दुपारी लाइट गेली, जनरेटर चालू होईना, एसी बंद. मी जेवून वर आले तर टेबलावर माझ्या बारा बाटल्या ओळीत ठेवलेल्या, सकाळी जेलीसारख्या घट्ट आणि काचेसारख्या स्वच्छ, त्यांचं सगळ्यांचं ताक झालेलं. पांढरंफेक आणि पातळ. एक बाटली उलटी केली तर बदकन झाकणावर आलं. माझ्या तोंडून निघालं ते इथे लिहीत नाही. सर आले, बघितलं आणि म्हणाले, रडू नको, कणांची संख्या तेवढीच आहे, फक्त सगळ्या बारीक झाल्यात, लेडीज डब्यात आता मोकळी जागा आहे. संध्याकाळी गार झाल्यावर सगळ्या परत घट्ट. एकही कण वाया गेला नव्हता. पण जेवढ्या बाटल्यांवर मी तीन दिवस 'स्पर्श करू नये' असं लिहून ठेवलं होतं त्यांचा तो तीन दिवसांचा आराम मात्र गेला, आणि त्याचं दुःख मोठं होतं.

आरामाचं दुःख का ते सांगते, कारण माझ्या मते या विषयात याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही. असल्या मिश्रणांना आठवतं. तुम्ही ते बाटलीतून चमच्याने काढलं, मशीनच्या खालच्या प्लेटवर थापलं, वरच्या फिरणाऱ्या प्लेटने दाबलं, तो प्रत्येक ताण आत कुठेतरी अडकून राहतो, कारण कण पिंजऱ्यात आहेत, त्यांना मोकळं व्हायला जागाच नाही. मग तुम्ही जे मोजता त्यात अर्धं तुमच्या चमच्याचं मोजमाप असतं. म्हणून आधी जोरात ढवळायचं, इतकं जोरात की सगळा इतिहास पुसला जाईल, आणि मग ठरलेला वेळ, समजा एक तास, हात न लावता थांबायचं. आणि थांबलं की ते म्हातारं होतं. हा माझा शब्द नाही, एजिंगच म्हणतात त्याला. तासाभराने मोजलं तर वेगळं, दिवसाने मोजलं तर आणखी हळू, आणखी हट्टी. परत ढवळलं की परत तरुण. पेपर लिहिताना नुसता आकडा देऊन चालत नाही, किती वेळ ढवळलं आणि किती वेळ थांबलात ते पण लिहावं लागतं, नाहीतर रिव्ह्यूअर विचारतोच. आजी पण श्रीखंडात वेलची-केशर घालून फेटून झालं की झाकून ठेवते आणि म्हणते, "बसू दे रात्रभर." लगेच वाढलेलं तिला चालत नाही.

आणि वाहतं तेव्हा नेमकं काय होतं? परत लोकलच. भरलेल्या डब्यात तुम्ही दाराकडे थेट चालत जाऊ शकत नाही. तुम्ही पुढचीला विचारता, दादर उतरणार का? ती नाही म्हणते, मग दोघी पोट आत घेऊन जागा बदलता, ती मागे तुम्ही पुढे. मग तिच्या पुढची. सगळा डबा एकदम कधीच सरकत नाही, कुठेतरी चार-पाच जणींच्या घोळक्यात अदलाबदल होते, त्याचा धक्का जरा लांब जाणवतो, मग दुसरीकडे होते. दाबून भरलेल्या मऊ कणांत पण असंच, ताण वाढत जातो, एखादा घोळका सुटतो, ताण थोडा उतरतो. आणि जितक्या वेगाने ढवळाल तितका जोर लागतो, पण सरळ पटीत नाही. ढवळायचा वेग चौपट केला तर यील्ड स्ट्रेसच्या वरचा जो जास्तीचा जोर आहे तो साधारण दुप्पटच होतो. वर्गमूळ. हर्शेल आणि बल्कलीने १९२६ मध्ये असल्या वागण्याचं सूत्र दिलं आणि ते शंभर वर्षांनी पण तसंच वापरतात.

माझं वर्गमूळ येत नव्हतं. आठ महिने. कमी वेगाला ग्राफ खाली वळायचा, जसं काही यील्ड स्ट्रेस नाहीच. मी नवीन फिजिक्स सापडलं म्हणून दोन रात्री झोपले नाही, हे आता सांगायला लाज वाटत नाही. मग लॅबमधल्या एका सिनियरने फक्त एवढंच विचारलं, सॅम्पल फिरतंय का प्लेट फिरतीये? आम्ही मशीनच्या प्लेटच्या कडेपासून सॅम्पलच्या कडेवरून खालपर्यंत काळ्या शाईची एक उभी रेघ मारली आणि हळू फिरवलं. रेघ वाकायला पाहिजे होती. ती प्लेटपाशी तुटली. वरची प्लेट आपली निघून गेली आणि सॅम्पल जागच्या जागी, फास्ट ट्रेन न थांबता गेल्यावर प्लॅटफॉर्मवरची गर्दी उभी असते तसं. गुळगुळीत प्लेट आणि मऊ कण यांच्यात पाण्याचा अतिशय पातळ थर होतो आणि सगळं त्याच्यावरून घसरतं, कण दबलेले असल्यामुळे तो थर टिकून पण राहतो. टूथपेस्ट ट्यूबमधून अख्खी सळई होऊन बाहेर येते त्यात पण या घसरण्याचा हात असतो. मी आठ महिने पेस्ट मोजत नव्हतेच, त्या पाण्याचा थर मोजत होते.

उपाय बारा रुपयांचा निघाला. तुळशीबागेच्या मागच्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, गोल कापला, दोन्ही प्लेटना चिकटवला. वर्गमूळ पहिल्याच रनला आलं. दुकानदाराने विचारलं होतं, लाकडासाठी पाहिजे की लोखंडासाठी. मी म्हटलं, जेलीसाठी. त्याने मुकाट्याने १२० नंबर दिला.

यंदाच्या पाडव्याला श्रीखंड मी केलं. आजी आता खुर्चीत बसून सूचना देते. चक्का मस्त निथळला होता, साखर बरोबरीने घातली आणि दहा मिनिटांत सगळं सैल. मी घाबरले, आजी नाही. साखर विरघळली की द्रव वाढतो, १०० ग्रॅम साखर म्हणजे सुमारे ६२ मिलिलीटर जास्तीचा द्रव, शिवाय ती स्पंजातलं पण पाणी बाहेर ओढते, म्हणजे कण बारीक आणि मोकळी जागा जास्त, माझ्या बाटल्यांचं झालं तेच. हे सगळं मी तिला समजावून सांगत होते तर ती म्हणाली, "फ्रिजमध्ये ठेव आणि गप्प बस." सकाळी वाटी उलटी केली. आठला थेंब हलल्यासारखा वाटला, दहाला जागेवर होतं.

त्या बारा बाटल्यांपैकी एक अजून माझ्याकडे आहे, झाकण वितळवून पक्कं बंद केलेली. आजीने ती मागून घेतली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत ठेवली, रात्री स्वच्छ असते, मेच्या दुपारी पांढरी होते. परवा मी ऑफिसमध्ये मीटिंगला बसले होते तर तिचा फोन, दोनदा. घाबरून बाहेर येऊन उचलला.

"तुझं दूध झालंय गं," ती म्हणाली. "तुझ्या बापाला सांग एसी लावायला, मी सांगून ऐकत नाही."